बरोबरीच्या मुलांशी तुलना

एखादा प्रश्न शहरातल्या ७० टक्के मुलांनी बरोबर सोडवला आणि पाड्यावरच्या ४५ टक्के मुलांनी, असा तक्ता समोर आला की बैठकीत कुणीतरी लगेच म्हणतं, "हा प्रश्न काढून टाका." चाचण्यांमधले प्रश्न तपासणं हे माझं काम. या म्हणण्यामागची कळकळ मला पटते, तरी मी थांबायला सांगते. ज्या शाळेत वर्षभर गणिताला शिक्षक नव्हता, तिथल्या मुलांना अपूर्णांक कमी येत असतील, तर प्रश्न खरं तेच सांगतोय. तो काढला की शाळेची हेळसांड झाकली जाते.

अमेरिकेत असे प्रश्न टाळणं एकदा करार करून घडलं. इलिनॉयमधल्या विमा एजंटांच्या परवाना परीक्षेवरून गोल्डन रूल ही विमा कंपनी कोर्टात गेली. तक्रार अशी की परीक्षा कृष्णवर्णीयांवर अन्याय करते. १९८४ मध्ये परीक्षा तयार करणाऱ्या ईटीएसशी तडजोड झाली: गोऱ्या आणि कृष्णवर्णीय उमेदवारांच्या बरोबर उत्तरांत १५ टक्क्यांहून जास्त अंतर नसेल, असे प्रश्न आधी निवडायचे. ऐकायला न्याय्य वाटतं. पण शिकलेला आणि शिकायला न मिळालेला यांतलं अंतर जो प्रश्न दाखवतो, नेमका तोच या चाळणीत अडकतो. ही तडजोड चुकली, असं ईटीएसचे अध्यक्ष ग्रेगरी अँरिग यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं.

तुलना बरोबरीच्या मुलांशी करायची. एकूण २० गुण मिळवलेली मुलं दोन्ही गटांतून बाजूला घ्यायची, मग २१ गुणांची, मग २२ ची; आणि प्रत्येक थरात तोच एक प्रश्न बघायचा. हे गणित मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये रोगांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी मांडलं. हॉलंड आणि थेयर यांनी १९८८ मध्ये ते परीक्षांकडे वळवलं. समजा, सारखे गुण असलेल्या शंभरांपैकी एका गटात ६० जणांचं उत्तर बरोबर आलं, दुसऱ्यात ४० जणांचं. पहिल्या गटात बरोबर-चूक प्रमाण दीड, दुसऱ्यात दोन तृतीयांश, भागाकार २.२५. सगळ्या थरांत मिळून असंच निघालं, तर ईटीएसच्या मोजपट्टीवर हा फरक सुमारे १.९ भरतो. दीडच्या पुढे, आणि निव्वळ योगायोगाचा नाही असं ठरलं, की प्रश्न सर्वांत गंभीर, म्हणजे 'सी' वर्गात जातो.

पण आकडा फक्त बोट दाखवतो. त्यानंतर प्रश्न वाचावा लागतो, आणि या कामातलं मला सर्वांत प्रिय ते हेच. वेगाचं गणित सरकत्या जिन्यावर घातलेलं असतं. ज्या मुलीने असा जिना कधी पाहिलाच नाही, ती भागाकारापाशी पोचण्याआधीच अडते. तिथे आगगाडी घातली तर गणित तेवढंच अवघड राहतं, अन्याय जातो.

या पद्धतीची एक उणीव मला सतत टोचते. तिला मुलं पुष्कळ लागतात. मेळघाटातली, घरी कोरकू बोलणारी मुलं एखाद्या चाचणीत मूठभरच असली, तर मोठा फरकसुद्धा योगायोग म्हणून सुटून जातो. आणि सगळेच प्रश्न त्यांच्या विरोधात झुकलेले असतील, तर ज्या एकूण गुणांवर आपण बरोबरी ठरवली तेच खोटे. मग हिशेबात काहीच दिसत नाही. अशा वेळी प्रश्न छापण्याआधी त्या मुलांच्या शिक्षकांसमोर ठेवावेत. दुसरा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

प्रश्नाचं भाषांतरही असंच एका गटाच्या विरोधात जाऊ शकतं. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेतल्या २०१८ च्या तमिळ भाषांतराचा वाद कोर्टात गेला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ४९ सदोष प्रश्नांसाठी १९६ गुण द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मुलांची प्रश्नवार उत्तरं परीक्षा मंडळाकडे निकालाआधीच असतात. अनेक भाषा-माध्यमांतून परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक मंडळाने बरोबरीच्या मुलांशी तुलनेची ही तपासणी निकालापूर्वी करावी, आणि कोणते प्रश्न का वगळले ते जाहीर करावं.