बाबांचं मशीन, जुनी विंगर आणि हरवलेले दोन व्होल्ट

गेले सहा शनिवार-रविवार मी बोईसरला, आई-बाबांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका जुन्या विंगरच्या पोटात पडून काढले. सोमवारी ऑफिसात कोणी विचारलं, "वीकेंडला काय केलंस?" की मी सांगायचो, "एक बोल्ट शोधत होतो." लोकांना वाटायचं मी विनोद करतोय.

नमनाला थोडं तेल. २००८ साली ऑनसाइटला डॅलसजवळ असताना आमच्या अपार्टमेंटमागे एक आरव्ही पार्क होतं. तिथे एक रिटायर्ड जोडपं त्यांच्या फिफ्थ व्हीलमध्ये राहायचं. फिफ्थ व्हील म्हणजे चाकांवरचं अख्खं घर, जे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या कपलिंगला अडकवून ओढतात. आपल्याकडे मनोरला हायवेवर कंटेनरवाले ट्रेलर उभे असतात ना, त्यांचं कपलिंग तेच. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे, पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर आडवं ठेवलेलं पाचवं चाक. त्या आजोबांच्या हातात मी कधी बिअर पाहिली नाही, कायम मल्टीमीटर. पंप बंद, फ्रीज बंद, दिवे मंद. मला वाटायचं, हा माणूस फिरायला निघालाय की ड्युटीला?

आता कळतंय.

आपल्याकडे तसलं घर ओढायला गाड्याही नाहीत आणि गल्ल्याही नाहीत. म्हणून आम्ही घेतली सेकंडहँड विंगर. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टाफला ने-आण करून दमलेली. आतल्या सीट काढायच्या तर ते नोंदणी पुस्तकाशी जुळायला हवं (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, हौशी लोकांनी आधी वाचावं), त्यात जे चार महिने गेले त्यावर वेगळं लिहीन. किंवा नाही लिहिणार. रक्तदाब वाढतो.

गाडी घेण्याचं कारण बाबा.

बाबांनी तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. तिन्ही शिफ्ट. आईला रत्नागिरीला तिच्या भावाकडे जायचं असलं की हे कायम शटडाऊनला अडकलेले. रिटायर झाले तेव्हा आईने यादीच काढली होती, कुठे कुठे जायचं त्याची. आणि वर्षभरात त्यांचं स्लीप ॲप्नियाचं निदान झालं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, रात्रभर माणूस अर्धवट जागाच. त्यावर सीपॅप नावाचं मशीन असतं. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. बाबांना त्याने खूप फरक पडला. पण अट एकच: "दुसऱ्याच्या घरी तोंडाला नळी लावून मी झोपणार नाही." मामाकडे नाही, लॉजवर नाही, कुठेच नाही. आईची यादी फ्रीजवर मॅग्नेटखाली पिवळी पडत राहिली.

म्हणून माझी आयडिया, आपलंच घर घेऊन जायचं. नळी लावा नाहीतर काही लावा, बघतोय कोण.

एक कबुली इथेच देतो. वायरिंग मी बाबांना विचारून केलं नाही. एकतीस वर्षं मोटारी आणि पॅनल सांभाळलेला माणूस वर तिसऱ्या मजल्यावर पेपर वाचत बसलेला आणि मी खाली यूट्यूब बघून केबल ओढतोय! का? सरप्राइज द्यायचं होतं हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की मला वाटलं बाबांचं ज्ञान चारशे चाळीस व्होल्टचं, जुन्या जमान्यातलं. हे बारा व्होल्टचं, नव्या जमान्याचं. ते एकदा खाली आले, दोन मिनिटं बघितलं, म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस," आणि गेले. ते वाक्य तेव्हा मी कौतुक म्हणून घेतलं.

पहिली व्यवस्था अशी: घरच्या इन्व्हर्टरची दीडशे ॲम्पिअर-अवरची जुनी ट्यूब्युलर बॅटरी, तिला गाडी चालू असताना चार्ज करायला अल्टरनेटरपासून एक रिले, पुढे बारा व्होल्टवरून २३० करणारा छोटा इन्व्हर्टर, त्यात मशीनचा ॲडाप्टर. शिवाय बारा व्होल्टवर चालणारा लहानसा फ्रीज. पालघर, केळवा असं दिवसभर फिरून आम्ही चिंचणीला आलो. तिथे बाबांच्या मित्राची वाडी आहे, मागे सुरूची झाडं, पलीकडे समुद्र. रात्री साडेनऊला आई-बाबा गाडीत, मी ओसरीवर.

तीन वाजता इन्व्हर्टर केकाटून बंद पडला. मशीन बंद, मास्क तोंडावर. मास्कला भोकं असतात, त्यामुळे जीव जात नाही, पण गाढ झोपेत हवा बंद झाल्यावर माणूस कसा उठतो ते मी पाहिलं. बाबा दार उघडून बाहेर आले आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिले, पहाटेपर्यंत. सकाळी चहा घेताना एवढंच म्हणाले, "विकून टाक. आईला घेऊन तू जाऊन ये रत्नागिरीला."

आता मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर झोपला की आम्ही काय करतो? मोठा सर्व्हर घेतो. मी लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर ॲम्पिअर-अवरची बॅटरी मागवली. लेड-ॲसिड बॅटरी दीर्घायुषी व्हायची तर निम्मीच वापरावी, ही जवळजवळ पूर्ण वापरता येते, वजन निम्म्याहून कमी, ब्लूटूथवर ॲप. किंमत विचारू नका, बायकोने अजून विचारलेली नाही :) घरी तिच्या स्वतःच्या चार्जरवर शंभर टक्के भरली आणि पुन्हा चिंचणी. या वेळी बाबांना नाही नेलं. मीच मशीन लावलं, नळी उशीवर सोडून दिली आणि बाजूला झोपलो.

पहाटे चार वाजता पुन्हा केकाटलं.

आणि ॲप म्हणतंय, बॅटरी ६१ टक्के शिल्लक. टर्मिनलला मीटर लावला, १३.१ व्होल्ट. सगळं ठणठणीत! या बॅटरीची गंमत म्हणजे तिचा व्होल्टेज सपाट असतो. नव्वद टक्क्यांना आणि साठ टक्क्यांना फरक पॉइंट एकच्या आसपास, म्हणजे व्होल्टेजवरून किती उरलं ते कळतच नाही. पण ६१ काय आणि ५० काय, रिकामी तर नव्हती. मग इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून का मेला? त्या अंधारात, जिथून जेमतेम काही किलोमीटरवर १९६९ पासून देशातलं पहिलं अणुवीज केंद्र उभं आहे, मी शंभर वॉटसुद्धा धड पुरवू शकत नव्हतो.

रविवारी दुपारी घरी आलो. जेवताना आई म्हणाली, "अहो, एकदा बघा की त्याचं काय होतंय ते." बाबा जेवले, हात धुतले, कपाटातून त्यांचा जुना चष्मा आणि टेस्टर काढला आणि चप्पल घालून जिना उतरायला लागले. मी मागून पळालो.

"लोड चालू कर," ते म्हणाले. "सगळा. मशीन, त्याचा हीटर, फ्रीज."

केला.

"कुठे मोजलंस काल?"

"बॅटरीला."

"बॅटरी बोंब मारतेय का? बोंब इन्व्हर्टर मारतोय. त्याच्या टोकाला मोज."

इन्व्हर्टरच्या टोकाला ११.२. बॅटरीला १३.१. दोन फुटांवर दोन व्होल्ट गायब. दोन नाही, १.९.

मी लगेच लाल वायरकडे वळलो. बाबा म्हणाले, "सगळे लालकडेच बघतात. वीज जाते तशी परतही यावी लागते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धर, दुसरी इन्व्हर्टरच्या निगेटिव्हला." दोन निगेटिव्हमध्ये काय मोजायचं? तिथे शून्य यायला हवं. आलं १.८. मग त्यांनी जे करवून घेतलं ते आम्ही रोज करतो. अर्ध्यात तोडायचं, कुठल्या अर्ध्यात चूक आहे बघायचं, पुन्हा त्याचं अर्धं. मी बायसेक्ट म्हणतो, ते काहीच म्हणत नाहीत. खांब ते लग, शून्य. लग ते गाडीचा पत्रा, १.७! मी बॅटरीची निगेटिव्ह जिथे बॉडीला बोल्टने कसली होती, तिथला रंग खरवडलाच नव्हता. बोल्टच्या आट्यांतून जेवढा स्पर्श होईल तेवढ्यावर सगळं चाललेलं. त्यात आपली हवा. एका बाजूने समुद्राचं मीठ, दुसऱ्या बाजूने एमआयडीसीचा ॲसिडचा वास. उघडल्यावर तांब्याचा लग हिरवागार निघाला. बाबांनी बोल्टला बोट लावलं आणि झटकन काढलं. गरम. दहा ॲम्पिअर गुणिले १.७ व्होल्ट, सतरा वॉट. रात्रभर मी एक बोल्ट तापवत होतो.

मग पहाटेच का? तर एकट्या मशीनने साधारण सहा ॲम्पिअर ओढले तर एक व्होल्ट पडतो, बारा उरतात, कोणाची तक्रार नाही. पहाटे गारवा आला की मशीनच्या पाण्याचा हीटर जास्त ओढतो. त्याच क्षणी फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, की तो सुरू होतानाचा झटका धरून व्होल्टेज साडेदहाच्या खाली आणि इन्व्हर्टर आडवा. म्हणजे चक्क रेस कंडिशन! दोन तास टेस्ट केलं तर कधीच सापडणार नाही अशी. आणि जुनी बॅटरी दिवसभर गाडी चालवूनही अर्धी का राहायची, तेही याच बोल्टमुळे. चार्जिंग याच रस्त्याने यायचं.

मी खूश. बाबा नाही. ते लाल वायरवरून हात फिरवत चालले होते. "फ्यूज कुठाय?"

"आहे ना. इन्व्हर्टरपाशी."

"मग बॅटरी ते इन्व्हर्टर ही वायर कोणाच्या भरवशावर?"

फ्यूज यंत्रासाठी नसतो, वायरसाठी असतो आणि म्हणून तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. हे वाक्य मी वाचलेलं होतं. तरी सोय बघून लांब लावला. बाबांनी पलंगाच्या फ्रेमखाली बोट दाखवलं. पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून माझी वायर गेली होती आणि घासून तिचं प्लास्टिक अर्धं गेलं होतं. अजून दोनशे किलोमीटर, नाहीतर दोन हजार, पण ते उघडं पडलंच असतं आणि मध्ये फ्यूज नाही. त्या पलंगावर आई-बाबा झोपले होते.

यावर दोघंही काही बोललो नाही. बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन वीकेंड त्यांनी सांगायचं, मी करायचं. सगळं वायरिंग उपटलं. परतीचा रस्ता म्हणून गाडीची बॉडी नको, निगेटिव्हलाही वेगळी सोळा स्क्वेअर एमएमची केबल, दोन्हींना तांब्याच्या पट्ट्या. लग कथिलाचा मुलामा दिलेले, पक्कडने दाबलेले नाहीत तर नीट क्रिंप केलेले. बाबांच्या खात्यातल्या जुन्या मित्राने हायड्रॉलिक क्रिंपर आणून दिला आणि माझे जुने लग हातात घेऊन बराच वेळ हसला. सांध्यांवर व्हॅसलिन. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, केबलला झेपेल एवढाच. पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट. घरातला एसीचा एमसीबी इथे लावायचा नाही, डीसीची ठिणगी त्यात विझेलच असं नाही. मी तो आणून ठेवला होता, हे सांगायला नकोच. लिथियम बॅटरी रिलेवर सरळ जोडली की ती अल्टरनेटरकडून मागेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो, म्हणून रिलेच्या जागी मोजून-मापून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर. पाण्याचा पंप रात्री मध्येच टकटक करायचा, त्याचं कारण नळाजवळची गळकी क्लिप, दहा रुपये. गॅसची शेगडी आईने गाडीतून हद्दपार केली, बाहेर मांडून स्वयंपाक. बरोबरच आहे, एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर पलंगाखालीच साचणार.

शेवटी मशीन. बाबांनी ॲडाप्टर उलटा करून वाचला आणि मला विचारलं, "हे चोवीस व्होल्ट डीसी घेतंय. तू बारा डीसीचे २३० एसी करतोस, हा त्याचे परत चोवीस डीसी करतो. कशासाठी?" काखेत कळसा! त्या मशीनसाठी बारावरून सरळ चोवीस करणारा कन्व्हर्टर मिळतो. तो आणला, इन्व्हर्टर सुटला. आणि डॉक्टरांना फोन करून विचारलं, हीटर बंद ठेवला तर चालेल का? ते म्हणाले, समुद्राकाठी दमट हवेत काही हरकत नाही, घसा कोरडा पडला तर सांगा. हीटर बंद केल्यावर मशीन ओढतं दहा वॉटच्या आसपास. आठ तासांचे ऐंशी वॉट-अवर.

गणित करून बघा. दीडशेची जुनी बॅटरी निम्मीच धरली तरी नऊशे वॉट-अवर. म्हणजे जुनी बॅटरी, चांगला बोल्ट आणि एक छोटा कन्व्हर्टर एवढ्यात भागलं असतं. नवी बॅटरी लागतच नव्हती. (बायको हा ब्लॉग वाचत नाही अशी आशा आहे.)

गेल्या शनिवारी पुन्हा चिंचणी. बाबा आपणहून आले नाहीत, आईने त्यांची पिशवी आधीच गाडीत ठेवली होती. रात्री मी ओसरीवर पडून कान लावून होतो. तीन वाजले. चार वाजले. फ्रीज घुरघुरला, थांबला. दिवा काही लागला नाही. साडेपाचला मलाच झोप लागली.

सात वाजता उठलो तर आई चहा करत होती, चेहरा चिडका. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. दर दोन तासांनी हे उठून बॅटरी पेटवतात आणि मीटर लावतात."

बाबांच्या उशाशी कंपनीची जुनी डायरी. त्यात त्यांच्या शिफ्टच्या अक्षरात तक्ता, रेघा मारून: वेळ, बॅटरीचा व्होल्टेज, मशीनचा व्होल्टेज, फरक. २२:००, ००:००, ०२:००, ०४:००, ०६:००. फरकाच्या रकान्यात शेवटपर्यंत ०.१. खाली शेरा: मशीन नॉर्मल. आणि त्याखाली सही, जशी हँडओव्हरला करतात तशी. दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती. मी केली.

रत्नागिरी दिवाळीनंतर ठरलीय. मल्टीमीटर न्यायचा की नाही यावर घरात मतभेद आहेत.