हवेतला हक्क

लहानपणी अब्बा कौलांवर चढून अँटेना फिरवायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, 'आलं, आलं!' मुंग्या हटायच्या, बातम्या दिसायच्या. दूरदर्शनची जमिनीवरची बहुतेक जुनी प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बंद झाली. आता ते काम डीडी फ्री डिश करते. छत्री एकदाच विकत घ्यायची, आग्नेयेकडे उपग्रहाच्या दिशेने बसवायची. महिन्याचं भाडं नाही. सह्याद्रीवर मराठी, डीडी उर्दूवर उर्दू. मी दोन्ही भाषा शिकवतो. ज्यांच्या घरी रिचार्ज आधी बंद होतो, त्या मुलांच्या कानांवर त्या पडत राहाव्यात, एवढंच मागणं. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय. म्हणजे आमच्या मोहल्ल्याचाही त्यात वाटा आहे.