झांजवाले पाहुणे

तुरुंगात जाण्याचे माझ्या मनात कधीच नव्हते. पण मराठीचा प्राध्यापक म्हटला की त्याला पेटी वाजवता येणारच, असा आमच्या कॉलेजात समज आहे आणि माझ्या बाबतीत तो दुर्दैवाने खरा आहे. इंग्रजी शिकवणारे माझे ख्रिस्ती सहकारी दर शनिवारी आपल्या मंडळीतल्या चौघांबरोबर कारागृहात प्रार्थनासभेला जात. त्यांचा पेटीवाला आजारी पडला. “एकच शनिवार या,” असे ते म्हणाले. त्या एका शनिवारला आता चार वर्षे झाली!

असे काम पुष्कळ देशांत चालते. वॉटरगेट प्रकरणी १९७४-७५ साली सात महिने तुरुंगात काढलेल्या चार्ल्स कोल्सन यांनी १९७६ साली अमेरिकेत त्यासाठी संस्थाच काढली. आमचा व्याप लहान. दारावर झडती, वहीत नाव, मग बराकीशेजारच्या खोलीत वीसेक माणसे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने सुरू झाली की ख्रिस्ती काय, हिंदू काय, सगळेच ताल धरतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेताना टिळकांनी अभंग काही मागे ठेवला नव्हता! “तू काय केलेस?” हे मात्र कुणाला विचारायचे नाही, हा आमचा दंडक.

एकदा पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र वाचण्याची पाळी माझ्यावर आली. अवघी पंचवीस वचने. पौल स्वतः कैदेत. फिलेमोनाला दुरावलेला त्याचा गुलाम अनेसिम याला तो परत पाठवतो आणि विनवतो की, याला आता भाऊ म्हणून घरात घे. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. मी वर्गातल्यासारखा आवाज चढवून वाचले.

झांज वाजवणारा एक जण म्हणाला, “मग घेतलं का हो सर, त्याला घरात?”

“ते पत्रात नाही,” मी म्हणालो.

“मी सुटल्यावर येऊ तुमच्याकडं चहाला?”

“अवश्य या!” पेटीपुढे बसलेला माणूस फार उदार असतो.

गेल्या धनत्रयोदशीला तो खरेच आला. मी दार उघडले आणि प्रथम काय केले असेल, तर समोरच्या बिऱ्हाडाचे दार बंद आहे ना, ते पाहिले. माझे पाहणे त्याने पाहिले.

“इथूनच जातो सर,” म्हणत तो रांगोळी सांभाळून मागे सरला.

“अहो, पाहुण्यांना दारात काय उभं करता?” आतून सौभाग्यवती.

“हे आमचे झांजवाले,” मी म्हणालो. ती क्षणभर थबकली. मग म्हणाली, “या ना, चकल्या आत्ताच तळल्यात.”

तो खुर्चीच्या कडेवर बसला. चहा झाल्यावर स्वतःची कपबशी स्वतःच विसळून ठेवली.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी विचारले, “कोण आले होते?” “मित्र,” मी म्हणालो. या वेळी आवाज काही चढला नाही.

फिलेमोनाने पुढे काय केले, ते पत्र सांगत नाही. पण दाराच्या आतल्या बाजूला उभे राहणे त्याला किती जड गेले असेल, ते आता मला ठाऊक आहे.