शिलाईतली माया

शिलाईच्या आत सोडलेल्या जादा कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. घरी कपडे शिवताना ही माया ठरवून सोडली जाई. अम्मी आमच्या कमीजला दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवायची, फ्रॉकच्या घेराला खाली चार बोटांची दुमड घालायची. मूल वाढले की जुनी टीप उसवायची, दुमड सोडायची. एक कपडा तीन वर्षे चाले, मग धाकटीच्या अंगावर जाई आणि शेवटी गोधडीत. आज बाजारातल्या पुष्कळ तयार कपड्यांत माया जेमतेम असते. ते तंग झाले की वाढवता येत नाहीत.

मी बीड जिल्ह्यात उर्दू आणि मराठी शिकवते. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही मुले मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. गणवेश ठराविक मापात येतो. मुले ठराविक मापात वाढत नाहीत. सहावीतला एक मुलगा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तो शर्ट बाहेर ओढून, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पँट मागून उसवली होती. आई-बाप कारखान्यावर, आजीला सुईत दोरा ओवता येईना. दहा मिनिटांच्या शिलाईपायी दोन दिवसांची शाळा बुडाली.

मधल्या सुट्टीत त्याला सुई धरायला शिकवले. दोरा दुहेरी, टोकाला गाठ, कपडा उलटा. आसनाच्या जागी नुसता धावदोरा टिकत नाही, बसताच तुटतो. तिथे बखिया हवा. सुई पुढे काढायची, पुन्हा मागच्या टाक्याशी नेऊन रोवायची आणि त्याच्या पुढे काढायची. टाक्याला टाका भिडला पाहिजे. उसवलेल्या जागेच्या बोटभर आधी सुरुवात आणि बोटभर पुढे शेवट. दुसरी पँट त्याने स्वतः शिवली. टाके वाकडे होते, पण पक्के. पुढे वसतिगृहातल्या मुलांची बटणेही तोच लावू लागला.

“मुलाच्या हातात सुई कशाला?” असे कुणी कुणी विचारतात. प्रेषित (स.) घरात काय करत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले. आपला कपडा स्वतः शिवत, जोडे दुरुस्त करत, असे त्यांनी सांगितले. हजरत उमर (रजि.) खलीफा असताना त्यांच्या कपड्यावर दोन खांद्यांच्या मध्ये ठिगळे होती, हे हजरत अनस (रजि.) यांनी पाहिले होते. मग ठिगळाची लाज आपल्याला कशाची? लाज मळक्या कपड्याची असावी, सांधलेल्याची नव्हे.

आपल्या कित्येक घरांत लग्नात आलेले शिलाई मशीन कोपऱ्यात असते आणि त्यावर इस्त्रीचे कपडे रचलेले असतात. यंत्रांविषयी कडक बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिलाई मशीनला अपवाद मानले होते. ते मशीन उघडा. तेलाचे थेंब सोडा, चिंधीवर चालवून जादा तेल जिरू द्या. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला; पातळ सुती कापडाला ११ नंबरची, पँटच्या जाड कापडाला १६ नंबरची. अनेकदा दोष मशीनचा नसतो, बोथट सुईचा असतो.

रमजान अर्धा सरला की शिंपी नवे कपडे घेत नाहीत. ईदच्या तयारीला शाबानमध्येच लागा. सुती कापड कापण्याआधी पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे नंतर आटणार नाही. कापताना माया सोडा. आणि शिवायला बसाल तेव्हा मुलगी आणि मुलगा दोघांनाही जवळ घ्या. सुईत दोरा ओवायला त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात.