जावयाची दारू

टेक्सासला लेकीकडे गेलो, तर तिसऱ्याच दिवशी जावई म्हणाले, "बाबा, मी दारू बदलली." हिच्या हातातली पळी गळून पडली. सोडायची ती बदलली कशाला, हा हिचा प्रश्न रास्तच होता. ती बंदुकीची दारू, हे समजावण्यात रात्र गेली.

जावईबापूंना रायफलचा नाद. गोळीवर तांब्याचं कवच असतं. ते नळीत घासून चिकटतं आणि पुढं नेम बिघडतो. नव्या दारूत म्हणे बिस्मथ आहे. त्यानं तांबं ठिसूळ होतं आणि पुढची गोळी ते खरवडून नेते. कल्पना जुनीच. गेल्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी तोफांच्या दारूत कथील घातलं होतं. आपण कथलानं तांब्याला कल्हई करतो, हे लोक त्यानंच तांबं उतरवतात!

परीक्षा अमोनियाच्या द्रावणाची. भिजवलेली चिंधी गजाला लावून नळीतून काढायची. निळी आली की तांबं शिल्लक. दहाच्या दहा निळ्या! एवढे डॉलर मोजून? जावयांचा चेहरा उतरला. मला राहवेना. एक चिंधी भिजवून गजाच्या टोकाला नुसतीच गुंडाळून ठेवली, नळीत घातलीच नाही. थोड्या वेळानं तीही निळी! टोक पितळेचं, म्हणजे निम्म्याहून जास्त तांबंच की.

"पितळ उघडं पडलं," मी म्हणालो. जावई प्रथमच माझ्याकडे आदरानं बघत होते.

आता प्लॅस्टिकचं टोक मागवलंय. तोवर दारूचा दोष सिद्ध झालेला नाही, असं मी हिला सांगितलं. हिला ते अजून पटलेलं नाही.