हात फिरेल तोवर

आमच्या घरी मीठ कधी विकत आणलं नाही. उरणच्या खाडीकाठी घरातली निम्मी माणसं मिठागरात राबायची. पाऊस सरला की बांध लिंपायचे, उधाणाचं पाणी आत घ्यायचं आणि एका खणातून दुसऱ्या खणात सोडत उन्हावर आटवायचं. आजी त्यातलं जाडं मीठ बरणीत भरून ठेवायची. आंब्याच्या फोडींना तेच, मोहऱ्यांबरोबर दृष्ट काढायलाही तेच. पुढे मुंबईत संसार थाटला आणि पिशवीतलं बारीक मीठ घरात आलं. त्याला ओल नाही, चिखलाचा वास नाही. मला ते बरेच दिवस परकंच वाटत होतं.

लेकीच्या नोकरीमुळे माल्टाला जाणं झालं, तेव्हा शेजारच्या गोझो बेटावरही गेलो. बेट जेमतेम ६७ चौरस किलोमीटरचं. रम्लाच्या किनाऱ्यावर तांबूस वाळू, वरच्या कड्यात होमरच्या कॅलिप्सोची म्हणून दाखवतात ती गुहा. शारा गावात जगंतीयाची पाषाणमंदिरं, पिरॅमिडांहूनही जुनी. श्लेंदीच्या चिंचोळ्या खाडीत पोरं कातळावरून सूर मारत होती. सगळं देखणंच, पण माझा पाय अडला तो मार्साल्फोर्न गावापलीकडे, श्वेनीला.

तिथे समुद्रालगतच्या पिवळट चुनखडीत चौकोनी कुंड्या खोदल्या आहेत, एकीला लागून एक. पाणी आधी मोठ्या कुंडात तापतं, मग लहान कुंड्यांत आटतं. उन्हाळ्यात केरसुणीने मीठ झाडून गोळा करतात आणि कातळात कोरलेल्या खोल्यांत साठवतात. आमचा चिखल, त्यांचा दगड. रीत मात्र तीच. रस्त्याकडेला त्याच मिठाच्या छोट्या पिशव्या विकायला होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी मीठ हौसेने विकत घेतलं.

याच बेटावर द्वेर्‍याला समुद्राने कोरलेली प्रचंड दगडी कमान होती. ८ मार्च २०१७ रोजी ती वादळात कोसळली. तिला सावरणं कुणाच्याच हाती नव्हतं. श्वेनीच्या कुंड्यांवरही हिवाळ्यात लाटा आदळतात, गाळ भरतो. पण वसंतात माणसं येऊन त्या पुन्हा घासूनपुसून घेतात. आमच्याकडे बंदर आलं, नवं शहर आलं, बांध लिंपणारे हात दुसऱ्या कामांना लागले आणि उरलेल्या खणांत तिवरं माजली. मिठागर समुद्र बुडवतो असं लहानपणी वाटायचं. समुद्र दोन्हीकडे सारखाच आहे. फरक पडतो तो दरसाल बांधावर परतणाऱ्या माणसांमुळे.