पाऊण जीबी

'पाऊण' हा शब्द मला लहानपणापासून आवडतो. एकाला पाव कमी, हा हिशेब त्या एका शब्दात मुकाट्याने उरकलेला असतो. मात्र २००९ च्या दिवाळीच्या सुमारास या पाऊणापायी मी एका तरुणाला चारचौघांत लबाड ठरवले. ती हकीकत कधीतरी लिहायला हवी होती.

तेव्हा प्रबंधाचे काम चालू होते. जुन्या मासिकांच्या अंकांची छायाचित्रे संगणकावर उघडायची आणि टिपणे काढायची. एकेक पान उघडताना यंत्र इतके रेंगाळे की मधल्या वेळात चहा करून येता येई. तालुक्याच्या दुकानात काम करणारा तरुण म्हणाला, "मॅडम, रॅम वाढवा." दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या त्याने बसवून दिल्या. ३२०० रुपये; पगार झाला की द्यायचे. घरी येऊन यंत्र सुरू केले. आरंभीच्या काळ्या पडद्यावर ४०९६ एमबी असा आकडा झळकून गेला आणि विंडोज एक्स्पी उघडल्यावर संगणकाच्या माहितीच्या चौकटीत उमटले: ३.२५ जीबी.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात. गिऱ्हाइकांची गर्दी होती, मालकही हजर होते. त्या तरुणाने यंत्र उघडले, एकेक पट्टी वेगळी लावून दाखवली. दोन. दुसरीही दोन. दोन्ही एकत्र लावल्या की सव्वातीन. "मॅडम, ते तसंच दाखवतं," एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'तसेच असते' असे लिहिले तर मी शून्य देते, इथेही दिले. पगार झाल्यावर पाऊण जीबीचे ६०० रुपये कापून २६०० त्याच्या हातावर ठेवले. हिशेब अगदी चोख होता.

२०१२ साली महाविद्यालयात विंडोज सेव्हन आले. तिथल्या एका संगणकावर त्याच चौकटीत मी वाचले: बसवलेली मेमरी ४.०० जीबी, आणि पुढे कंसात, ३.२५ जीबी वापरण्याजोगी. मी त्या कंसाकडे बघतच राहिले. भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले, तर त्यांनी एक वसतिगृह कल्पायला सांगितले. खोल्या शंभर. रजिस्टरात खोलीक्रमांकासाठी रकाने दोनच. म्हणजे ०० ते ९९, नेमके शंभर क्रमांक. पण कचेरी, खानावळ, पंपाची खोली आणि पहारेकऱ्याची चौकी यांनाही याच मालिकेतले क्रमांक द्यावे लागतात. मग काही खोल्या बिनक्रमांकाच्या राहतात. त्या बांधलेल्या आहेत, झाडलेल्या आहेत, दिवाही लागतो. पण तिथे पत्र पोचत नाही.

३२ बिटांच्या प्रणालीत पत्त्याचे रकाने बत्तीस, आणि प्रत्येकात शून्य किंवा एक. त्यांतून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. एका पत्त्यावर एक बाइट, म्हणजे बरोबर चार जीबी. परंतु प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाशी, नेटवर्कशी, मदरबोर्डावरच्या बायोसच्या चिपशीही याच पत्त्यांवरून बोलतो, आणि मालिकेचा वरचा टप्पा परंपरेने या मंडळींसाठी राखलेला असतो. माझ्या यंत्रातल्या ग्राफिक्स कार्डाने एकट्यानेच २५६ एमबीएवढे पत्ते अडवले होते. उरलेले इतर उपकरणांसाठी राखीव होते. 'मेमरी'ला 'स्मृती' म्हटले की आम्हा साहित्यवाल्यांना लगेच विस्मृती, नेणीव वगैरे सुचू लागते. इथे तो मोह आवरायला हवा, कारण काहीही विसरले गेलेले नव्हते. पाऊण जीबी पट्टीवर शाबूत होती. तिला हाक मारण्याची सोय तेवढी नव्हती.

ही गोष्ट नवीही नव्हती. १९८१ च्या आयबीएम पीसीला एकंदर एक एमबीचे पत्ते होते. त्यातले ६४० केबी प्रोग्रामांना आणि वरचे ३८४ केबी पडदा वगैरेंसाठी राखीव. म्हणजे तिथे तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग गेला होता. शिवाय ३२ बिटांची भिंत अभेद्यही नव्हती. १९९५ च्या पेंटियम प्रो पासून पत्त्याचे रकाने छत्तीस करण्याची युक्ती उपलब्ध होती. तिने ६४ जीबीपर्यंत जाता येई आणि विंडोजच्या काही सर्व्हर आवृत्त्या तशा जातही. घरगुती एक्स्पीला मात्र चार जीबीच्या पत्त्यांवरच थांबवले गेले, कारण अनेक उपकरणांचे ड्रायव्हर त्यापलीकडचे पत्ते समजून लिहिलेलेच नव्हते आणि यंत्र कोसळण्याची भीती होती. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. पण तो निर्णय होता, निसर्गनियम नव्हे.

मला अधिक छळते ते त्या चौकटीतले वाक्य. एक्स्पी आपल्याला जेवढे वापरता येते तेवढेच सांगे. २००८ च्या दुरुस्तीनंतर व्हिस्टा जेवढे बसवले आहे तेवढे सांगू लागली. सेव्हनने दोन्ही सांगितले. तिन्ही विधाने खरी. निवेदकाला कुठून काय दिसते हे कादंबरी शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि काळ्या पडद्यावरचे ४०९६ व चौकटीतले ३.२५ शेजारी-शेजारी पाहून मला दोन निवेदक सुचले नाहीत, चोर सुचला.

६०० रुपये घेऊन मी दुकानात गेले. मालकांना प्रसंग आठवत होता. ते पैसे त्या महिन्यात त्याच्या पगारातून वळते झाले होते आणि वर्षभराने तो पुण्याला गेला होता. त्यांनी फोन नंबर दिला. मी तिथल्या तिथे बाहेरच्या पायरीवर उभी राहून फोन लावला, नाव सांगितले, ३२ बिटांचे सगळे सांगू लागले.

"हो मॅडम, मला पुण्याला आल्यावर कळलं ते," तो म्हणाला. "तेव्हा मलापण माहीत नव्हतं. माल देणाऱ्याशी मी दोन महिने बोलत नव्हतो."